न सांगितलेली एक गोळी

"नैराश्याच्या गोळ्या सुरू असताना दुसरी औषधे घेतली तर काही विपरीत होणार नाही ना?" हा प्रश्न माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे केव्हा ना केव्हा विचारतातच. मी समुपदेशक आहे. औषध लिहून देणे किंवा बदलणे हे मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे. तरीही हा प्रश्न आला की मी एका काकूंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलले आहेत.

काकू ६४ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यानंतर त्यांची झोप उडाली आणि अन्नावरची वासनाच गेली. मनोविकारतज्ज्ञांनी हृदयाचा आलेख पाहून, रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करून एसिटॅलोप्राम हे नैराश्यावरचे औषध आधी ५ आणि मग १० मिलिग्रॅम सुरू केले. दोन-अडीच महिन्यांत त्या नातीचा अभ्यास घेऊ लागल्या होत्या.

अशातच एका सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर खडखडत होता. थंडीचे दिवस असूनही कपाळावर घाम होता, पहाटेपासून जुलाब होत होते आणि त्यांना एका जागी बसवत नव्हते. सूनबाई म्हणाल्या, "मॅडम, या डोक्याच्या गोळ्यांनीच हे झालंय. आजपासून बंद."

गेल्या दोन दिवसांत नवीन काय घेतले, असे मी विचारले. काकूंनी पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे होते आणि एकावर नावाची शेवटची चार अक्षरे तेवढी उरली होती. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून काकूंना तातडीने रुग्णालयात हलवले. पिशवीतली गोळी गुडघेदुखीसाठी आदल्या दिवशी मिळालेली, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली निघाली; शिवाय मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन होते. एसिटॅलोप्राममुळे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि ही दोन्ही औषधे त्यात भर घालतात. ही भर अति झाली की जी अवस्था होते तिला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. ताप चढू लागला आणि स्नायू ताठरले तर ती जिवावर बेतू शकते. काकू वेळेत पोचल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थरथर ओसरली, आणि पुढे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एसिटॅलोप्राम पुन्हा सुरूही झाले.

गुडघ्याच्या डॉक्टरांना त्यांनी नैराश्याच्या गोळीबद्दल सांगितलेच नव्हते. "बाहेर ओळखीची माणसं बसली होती. सगळ्यांसमोर कसं सांगू, मॅडम?" हे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांचा जराही राग आला नाही. मधुमेहाची गोळी माणसे चारचौघांत सांगतात आणि ही लपवतात, याचे वाईट मात्र फार वाटले. प्रतीक्षागृहात बोलणे जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे, पण सांगावेच.

डॉक्टरांना हे कळले तर त्यांच्यापाशी पर्याय असतात. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी नैराश्याच्या या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर बेताने लिहितात किंवा साधे पॅरासिटामॉल सुचवतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या स्त्रीला मनोविकारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची औषधे टाळतात, कारण त्यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. बंद केलेली गोळीसुद्धा सांगायला हवी, कारण फ्लुओक्सेटिन थांबवल्यावरही काही आठवडे शरीरात रेंगाळते. आणि सूनबाई म्हणाल्या तसे परस्पर बंद करण्याने चक्कर, बेचैनी आणि मूळ आजार उलटण्याची भीती असते. घाम, थरथर, जुलाब असा त्रास एकदम सुरू झाला तर मात्र पुढचा डोस घेण्याआधी थेट रुग्णालय गाठावे.

काकूंच्या पर्समध्ये आता सगळ्या औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेला एक कागद असतो, सूनबाईंच्या अक्षरातला. मेडिकलमध्ये चारच गोळ्या घ्यायच्या असल्या, तरी नाव आणि मुदत छापलेल्या बाजूचा तुकडा त्या मागून घेतात.