शुल्बसूत्रे आधीची असतानाही भूमितीचे श्रेय ग्रीकांना का दिले जाते?

आपला आक्षेप निम्मा बरोबर आहे. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी मोजून रचण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात) ग्रीक गणिती युक्लिडच्या आधी स्पष्ट सांगितलेले आहे आणि बाबिलोनच्या लोकांना तर ते त्याहूनही पूर्वी ठाऊक होते. खुद्द ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही भूमितीचा उगम इजिप्तमध्ये, नाईलच्या पुरानंतर कराव्या लागणाऱ्या जमिनीच्या मोजणीत असल्याचे सांगतो.

मग ग्रीकांनी नवीन काय केले? नववीच्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ असे लिहितो. ती शिस्त त्यांची. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या १३ खंडांत अवघी ५ गृहीतके (सिद्धतेशिवाय मान्य केलेली विधाने), काही व्याख्या आणि काही सर्वमान्य विधाने आधी मांडून त्यांवर ४६५ विधानांची इमारत रचली. पहिलेच विधान पाहा. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढायचा आहे. रेषाखंडाचे प्रत्येक टोक केंद्र धरून तेवढ्याच त्रिज्येची दोन वर्तुळे काढली की ती जिथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू, आणि तिन्ही बाजू समान का, याचे उत्तर ‘एकाच वर्तुळाच्या त्रिज्या’ एवढेच. पण ती वर्तुळे एकमेकांना छेदतातच, हे कोणत्या गृहीतकावरून? ते युक्लिडने सांगितलेलेच नाही! ही आणि अशा इतर फटी बुजवून जर्मन गणिती हिल्बर्टने १८९९ मध्ये गृहीतकांची नवी मांडणी केली.

खरी गंमत पाचव्या गृहीतकाची. दोन रेषांना छेदणाऱ्या छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या रेषा त्या बाजूला वाढवल्यावर मिळतात, हे विधान इतरांइतके उघड वाटत नाही. म्हणून ते बाकीच्या चारांवरून सिद्ध करण्याची खटपट सुमारे दोन हजार वर्षे चालली. तेराव्या शतकातील पर्शियन गणिती नसीर अल-दीन अल-तूसी हाही त्यात होता. त्याने केलेल्या ‘मूलतत्त्वां’च्या अरबी संस्करणावरूनच जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकात ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, म्हणजे युक्लिड आपल्याकडे इंग्रजी शाळांच्या आधीच पोहोचला होता.

ते गृहीतक सिद्ध होतच नाही, उलट ते नाकारूनही सुसंगत भूमिती रचता येते, हे रशियन गणिती लोबाचेव्हस्की (१८२९) आणि हंगेरियन गणिती बोयाई (१८३२) यांनी स्वतंत्रपणे दाखवले. जर्मन गणिती रीमानने १८५४ मध्ये वक्र अवकाशाची व्यापक भूमिती मांडली आणि आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तिच्यावरच उभारला. गृहीतक गृहीतक म्हणून उघड लिहून ठेवण्याची ग्रीकांची सवय नसती, तर नाकारायला समोर काही असतेच कुठे?