ठिबकच्या अनुदानाचे नियम सारखे बदलतात. मंजुरीची वाट बघावी की आधी बसवून घ्यावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या नावावर अडीच एकर रान आहे, यंदा मोसंबी लावायची आहे, ठिबकचा अर्ज भरलाय पण मंजुरी आलेली नाही. गावात कुणी म्हणतं बसवून घ्या, कागद मागून होतील, तर कुणी म्हणतं थांबा. त्यात दर वर्षी नवा नियम, मग शेतकऱ्यानं नियोजन करायचं तरी कशाच्या भरवशावर, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी थेट उत्तर देते. अनुदान हवं असेल तर पूर्वसंमतीचं, म्हणजे ठिबक बसवायच्या आधी मिळणाऱ्या मंजुरीचं, पत्र हातात आल्याशिवाय नळीचा एक तुकडाही विकत घेऊ नका. पण लागवड मात्र थांबवू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. आम्हाला ते कळायला चार वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मराठवाड्यातली, मोसंबीच्या पट्ट्यातली. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बागाच्या बागा वाळल्या. आमची सव्वाशे झाडं माझ्या सासऱ्यांनी, मामांनी, स्वतःच्या हातानं तोडून सरपण केलं. त्यामुळे ठिबक म्हणजे आमच्या घरात सरकारी योजना नव्हती, बाग जगवायचा तोच एक मार्ग उरला होता. २०१९ मध्ये पुन्हा लावायचं ठरलं. अर्ज केला, रोपं सांगून ठेवली, जुलैत पाऊस झाला आणि रोपवाटिकेतून फोन आला की गाडी पाठवतोय. मामा म्हणाले, "रोपं काय कागदाची वाट बघत बसतील का?" दुकानदारानंही सांगितलं, घेऊन टाका, बिल नंतरच्या तारखेचं करू. नंतरच्या तारखेचं बिल आम्ही घेतलं नाही, खऱ्या तारखेचंच घेतलं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली आणि अर्ज बाद झाला. मोका तपासणीला आलेल्या साहेबांना वाईट वाटलं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

दुसऱ्या रानासाठी २०२१ मध्ये अर्ज केला. तोवर महाडीबीटी हे सरकारी योजनांच्या अर्जाचं संकेतस्थळ आलं होतं, एकाच अर्जात सगळ्या योजना आणि लॉटरी. लॉटरीत नाव लागलं, पण मेसेज गेला मामांच्या बंद पडलेल्या नंबरवर. कागद चढवायची मुदत संपली आणि अर्ज आपोआप रद्द झाला. पुढच्या खेपेला पुन्हा नाव लागलं, तेव्हा मामा गेले होते. पूर्वसंमती त्यांच्या नावानं, सातबारा वारसांच्या नावावर व्हायचा बाकी. फेरफार होईपर्यंत ती मुदतही गेली. शेवटी ह्यांच्या नावानं नवा अर्ज केला, २०२३ मध्ये ठिबक बसलं, आणि पैसे जमा झाले चौदा महिन्यांनी. तेही अशा खात्यात, जे आम्ही वापरत नव्हतो. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलेलं असतं तिथे पैसे जातात, हे तोवर आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता नियम बदलतात म्हणजे नेमकं काय बदलतं, हे समजून घेतलं तर भीती बरीच कमी होते. महाराष्ट्रात ठिबकला अनुदान १९८६ पासून आहे. मग केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना आली, २०१० मध्ये तिचं राष्ट्रीय अभियान झालं, २०१५ मध्ये ते प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत 'प्रति थेंब अधिक पीक' म्हणून गेलं, आणि २०२२ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली आलं. नळी तीच, पाणी तेच, पाटी बदलत गेली. पाटी बदलली की मार्गदर्शक सूचना नव्या येतात, निधी नव्यानं वाटला जातो, आणि मधल्या दोन-चार महिन्यांत अडकलेला अर्जदार तसाच लटकतो. माझ्या मते खरा त्रास टक्केवारीतल्या बदलानं होत नाही, तो या मधल्या काळामुळे होतो.

सगळेच बदल वाईट होते असं मात्र म्हणणार नाही. केंद्राचं अनुदान अल्प आणि अत्यल्प भूधारकाला (साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्याला) ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्यानं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक रक्कम घातली आणि ते ८० आणि ७५ टक्के झालं. त्याच रानावर पुन्हा लाभ घ्यायला पूर्वी दहा वर्षं थांबावं लागायचं, आता सात. सप्टेंबर २०२५ मध्ये ठिबकवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तुमचं रान अडीच एकर, म्हणजे वडिलांच्या नावावर एवढीच जमीन असेल तर तुम्ही ८० टक्क्यांत बसता.

पण हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत. सरकारनं दोन लॅटरलमधल्या, म्हणजे झाडांच्या ओळीनं जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांमधल्या, अंतरानुसार हेक्टरी खर्चाचा मापदंड ठरवलेला असतो, अनुदान त्यावर मिळतं. समजा तुमच्या रानाचा मापदंड ५० हजार बसला आणि बिल ६५ हजार झालं, तर हातात ४० हजार येतील, खिशातून २५ हजार जातील. मोसंबीत अंतर मोठं, म्हणून मापदंड कमी; कपाशीला नळ्या जवळजवळ, म्हणून जास्त. "वीस टक्केच भरायचे" असं समजून घेतलेले आणि नंतर सोसायटीत उसनवारी करणारे मी पाहिलेत. शिवाय आधी सगळं बिल तुम्हीच भरायचं असतं, अनुदान नंतर खात्यावर येतं. म्हणून अर्ज करण्याआधी घरात बसून एकच हिशेब करा: हे पैसे दीड-दोन वर्षं आलेच नाहीत तर आपण झेपवू का? झेपत असेल तर पुढे जा. नसेल तर आधी एका एकराचंच ठिबक करा, उरलेल्याचं नंतर बघता येईल. आमच्या गावात अनुदान येईल या हिशेबावर खासगी सावकाराकडून उचल घेतलेलं एक घर आहे. अनुदान आलं, पण ते सगळं व्याजातच गेलं.

लागवडीचं आता. जुलैत लावलेलं मोसंबीचं रोप पहिले तीन महिने पावसावर निघतं. दसऱ्यानंतर आळं करून, हंड्यानं किंवा बुडाशी मडकं पुरून पाणी दिलं तर पहिला उन्हाळाही निघतो. कष्ट आहेत, नाही म्हणत नाही. आम्ही दुसऱ्या रानात तसंच केलं, तीनशे रोपांना एक दिवसाआड आम्ही दोघी जावा पाणी घालायचो, सोळा रोपं गेली, बाकी सगळी जगली. ठिबक पुढच्या वर्षी आलं. पहिल्या रानात घाई करून जे अनुदान गेलं, त्याच्या तुलनेत मला हे परवडलं.

फळबागेसाठी भाऊसाहेब फुंडकर योजनेतून वेगळा अर्ज केला असाल तर तिथलं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, आणि दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत लागतात. मेलेल्या जागी नवं रोप स्वखर्चानं लगेच भरा, तपासणीच्या आदल्या आठवड्यात पळापळ नको.

२०२५ पासून सोडत बंद झाली, आता आधी अर्ज करणाऱ्याला आधी. बदलला म्हणून बरेच जण वैतागले, मला हा नियम पटतो, कारण यात नशीब नाही. पण सवय बदलावी लागते. पूर्वी लागवडीच्या तोंडावर अर्ज केला तरी चालून जायचं. आता ज्या रानात पुढच्या जूनला काही करायचं, त्याचा अर्ज यंदाच गेला पाहिजे. तुम्ही अर्ज मागे घेऊन नव्यानं भरायचा विचार करताय असं लिहिलंय, ते करू नका. रांगेतली जागा जाईल.

एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा आहे. तो काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळावं लागतं. आमच्याकडे एका ठिकाणी 'दगडू' आणि एका ठिकाणी 'दगडोबा' एवढ्यावरून खेटे घालावे लागले. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमतीपत्रं आजच घ्या, भावकीत वाद होईपर्यंत थांबू नका.

सौर पंपाचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. आमच्या शेजाऱ्यांनी आधीच्या योजनेत पंप घेतला, तेव्हा पाच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचाच मिळायचा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आल्यावर अडीच एकरांच्या वर, पाचपर्यंत पाचचा मिळू लागला. ते हळहळतात, पण त्यांच्या विहिरीचं पाणी बाकीच्यांपेक्षा काही वर्षं आधी दिवसा रानात फिरलं. थांबलो असतो तर बरं झालं असतं, हा हिशेब मागे वळून कुणालाही करता येतो. तुमचं रान बरोबर अडीच एकर असेल तर तुम्हाला आजही तीनचाच बसतो. विहीर किती खोल आहे ते पाहून मगच ठरवा.

एक सवय मात्र लावून घ्या. अर्जाची पावती, पूर्वसंमतीचं पत्र, बिल, रानात उभं राहून काढलेला फोटो, आणि अर्ज केला त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय, हे सगळं एका पिशवीत ठेवा. चौदा महिने पैसे अडले तेव्हा आमच्या गावचे सहायक कृषी अधिकारी (कालपर्यंत आपण ज्यांना कृषी सहायक म्हणायचो) म्हणाले, तुमची तारीख नव्या सूचनांच्या आधीची आहे हे दाखवा. मी पिशवीतून पूर्वसंमतीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी फाईल पुढे सरकली.

उद्या वडिलांचं आधार आणि सातबारा शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा, आणि अर्जात दिलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही बघा. रोपांचा बयाणा त्यानंतर दिलात तरी चालेल.