उन्हाळा आला की टायरची हवा कमी करायची का?

या महिन्यात गाडीचे प्रश्न बरेच आले, पण त्यातले तीन एकाच गोष्टीभोवती फिरत होते म्हणून तेच घेतले. एसी आणि मायलेजवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा राजेहो.

प्रश्न : भाऊ, आम्ही मनीषनगरला राहतो. मे महिन्यात समृद्धीने शिर्डीला गेलो होतो, छोटी हॅचबॅक, आम्ही पाच जणं, डिक्की फुल्ल आणि वर कॅरिअरवर दोन बॅगा. निघताना पंक्चरवाला म्हणाला ऊन जबरदस्त आहे, टायरमध्ये हवेचा दाब ३३ पीएसआय नका ठेवू, २७ वर ठेवा, म्हणजे गरम होऊन फुटणार नाही. पण नव्वदच्या पुढे गेलं की गाडी मागून डोलत होती, लेन बदलली की छातीत धस्स व्हायचं. आता मेकॅनिक म्हणते चारही शॉकअप बदला. बदलू का? आणि साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरलेला बरा का?

उत्तर : काका, शॉकअपचे पैसे सध्या खिशातच ठेवा. आधी हवा बरोबर भरून, तेवढीच माणसं बसवून एक चक्कर मारा, नव्वद टक्के डोलणं तिथेच थांबेल असं मला वाटते. नाही थांबलं तर मग शॉकअप बघू.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची हे आपल्या नागपुरात इतकं पक्कं बसलं आहे की मी सांगितलं तरी लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. गंमत अशी की होते बरोबर उलटं. टायर गरम होतो तो नुसत्या रस्त्यामुळे नाही, स्वतः वाकण्यामुळे जास्त. चाक फिरताना टायरचा खालचा भाग दबतो, साईडवॉल म्हणजे टायरची बाजू फुगते, पुन्हा सरळ होते, आणि तुमच्यासारख्या गाडीचं चाक शंभरच्या स्पीडला मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फिरतं म्हणजे तेवढ्या वेळा ते रबर वाकून सरळ झालं, तार हातात धरून सारखी वाकवली की कशी गरम होते तसंच. हवा कमी म्हणजे वाकणं जास्त, वाकणं जास्त म्हणजे उष्णता जास्त, वर ४५ डिग्रीचं ऊन आणि खाली तापलेला सिमेंटचा रस्ता. फुटू नये म्हणून जे केलं त्यानेच फुटायची तयारी झाली की नाही?

आता हवा गरम झाल्यावर वाढते हे खरं आहे, पंक्चरवाला तेवढं बरोबर बोलला. सकाळी ३३ भरली तर हायवेवर ३७-३८ दिसेल. पण कंपनीने हे धरूनच ३३ सांगितलेलं असतं, आणि ते थंड टायरचं असतं, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. घोळ होतो तो असा की माणूस धाब्यावर गेज लावतो, ३८ बघून घाबरतो आणि पाच पॉइंट सोडून देतो, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २८-२९ उरतात. रस्त्यात गरम टायरची हवा सोडायची नाही, हे एकच वाक्य या पानावरून लक्षात राहिलं तरी चालेल. आणि मोजायची ती सकाळी सात वाजताच्या आत, कारण दुपारी उन्हात उभ्या गाडीची उन्हाकडची दोन चाकं सावलीतल्यापेक्षा जास्त दाखवतात, मग हवा भरणारा पोरगा म्हणते गेज खराब आहे.

डोलायचं कारण. स्टिअरिंग वळवलं की आधी टायरची बाजू वाकते आणि मग गाडी वळते. पुढची हवा कमी असली तर स्टिअरिंग जड लागतं, वळणावर गाडी बाहेर बाहेर जाते, पण निदान हाताला कळतं तरी. मागची कमी असली तर हाताला काही कळत नाही, पुढचं तोंड वळून जातं आणि मागचा भाग जरा उशिराने, झोकांडी खात येतो, तेच तुमचं धस्स. त्यात मागे तीन माणसं, डिक्की, वर कॅरिअर म्हणजे वजन मागे आणि उंच दोन्ही. मी स्वतः एकदा अमरावतीहून येताना मागच्या चाकात २० वर हवा घेऊन आलो होतो, स्लो पंक्चर, माहीतच नाही, आणि एका ट्रकला ओव्हरटेक करताना जे झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर आहे. बहुतेक गाड्यांत दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि फुल्ल लोडचा, आणि फुल्ल लोडला मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा वाढलेला दिसेल. तुम्ही फुल्ल लोड होते, म्हणजे वाढवायची होती, आणि तुम्ही उलट सहा कमी केली! पाच माणसं ६५ किलोची धरली तरी सव्वातीनशे किलो झाले, बॅगा वेगळ्या. टायरवर साईजच्या पुढे ८४, ८८ असा नंबर असतो, ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६०, पण पूर्ण हवा असली तरच. टायरवरच ४४ नाहीतर ५१ पीएसआय लिहिलेलं दिसेल ती वरची हद्द आहे, ती भरायची नाही. भरली तर टायर मधूनच टेकतो, मधूनच झिजतो आणि ब्रेकला पकड कमी.

नायट्रोजनबद्दल विचारलं होतं तुम्ही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नुसता नायट्रोजन थोडा हळू लीक होतो, त्यात ओल नसते, फुकट मिळत असेल तर भरा. नायट्रोजन भरला म्हणून महिनोन् महिने गेज न लावणारे लोक मात्र मी पाहिले आहेत.

प्रश्न : दादा, माझ्या गाडीला कंपनीचे १६५/८० आर १४ होते, मी अलॉयसोबत २०५/६५ आर १५ टाकले. लुक एक नंबर. पण गाडी पळत नाही, चार मित्र बसले की मागे घासल्याचा आवाज येतो, आणि सिमेंट रोडच्या कडेला गट्टूवर चाक गेलं की स्टिअरिंग ओढते. अलाइनमेंट दोनदा झाली.

उत्तर : तिसऱ्यांदा नको करू. हिशोब बघ. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंचाची. जुन्या चाकाची उंची ६२० मिलिमीटर, नव्याची जवळपास ६४८, म्हणजे साडेचार टक्के मोठं. मीटर शंभर दाखवते तेव्हा जुन्यापेक्षा साडेचार टक्के जास्त पळत असतो तू, समृद्धीवर कॅमेऱ्याला ते कळते, तुला नाही. गिअर उंच झाल्यासारखे होतात म्हणून पिकअप गेला. मित्र बसल्यावर सस्पेन्शन दबते आणि वाढलेला टायर आत घासते, घासून घासून एक दिवस कापला जाईल. गट्टूवर ओढणं म्हणजे रुंद टायर रस्त्याची प्रत्येक कड पकडून चालतो. पंधराचे अलॉय ठेवायचे असतील तर १८५/६५ आर १५ बघ, त्याची उंची ६२१ च्या आसपास येते, म्हणजे जुन्याइतकीच. फक्त लोडचा नंबर कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नको. दुकानदार टायर देताना तो नंबर बघतच नाही.

प्रश्न : स्कूटरवर एकटी असले की छान चालते, पण मागे सासूबाई आणि पायाशी तांदळाचं पोतं असलं की हॅण्डल थरथरते. महाल भागातून येताना तर भीतीच वाटते.

उत्तर : ताई, स्कूटरमध्ये इंजिन मागे, बसणारी माणसंही मागच्या चाकावर, म्हणून डबलसीटचा आकडा मागच्या चाकासाठी वेगळा आणि बराच जास्त असतो, स्टिकरवर नाहीतर पुस्तकात बघा. पंक्चरवाले पुढेमागे एकच भरून देतात बहुतेक. मागचं चाक बसलं की पुढचं हलकं होतं आणि हॅण्डल हातात नाचते. पोतं पायाशीच ठेवा, हुकला लटकवू नका, लटकवलेलं झुलते. हवा भरूनही थरथरलं तर मेकॅनिकला पुढच्या हॅण्डलची बेअरिंग बघायला सांगा. आणि व्हॉल्व्हचं टोपण परत मागून घ्या, ते पंक्चरवाल्याच्याच डब्यात राहते नेहमी.