वजनासोबत उंचीही मोज

अगं, बाळाचं वजन दर महिन्याला करतेस, पण उंची? वाढ खुंटलेली तिथेच कळते. २ वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून लांबी मोज आणि वयानुसार वाढ दाखवणाऱ्या तक्त्यावर मांड. एका आकड्याने घाबरू नकोस. तक्त्यावर छापलेल्या रेघांच्या तुलनेत बाळाची रेघ सतत खाली घसरत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखव.

६ महिने पूर्ण झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू कर. पातळ पाणी नको! चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. नुसत्या धान्याने पोट भरतं, पण वाढीला ते पुरत नाही. डाळी, अंडी, भाज्या, फळं आलटूनपालटून दे. वारंवार जुलाब झाले तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून भरवण्याआधी हात साबणाने धूच. आजारपणातही खाणं तोडू नकोस, बरं वाटल्यावर थोडं जास्त दे.