बारा टक्के कशाचे? मोबाइल विम्याचा क्लेम करताना आणि विमा चालू ठेवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फोन घेऊन १४ महिने झाले आणि पहिल्या दिवसापासून विम्याचा प्रीमियम दरमहा खात्यातून जातो आहे. आता फोन पडून स्क्रीन फुटली. विम्याच्या पत्रकात ‘१२ टक्के डिडक्टिबल’ (म्हणजे क्लेमच्या वेळी ग्राहकाने स्वतः भरायचा वाटा) लिहिलं होतं, त्यावरून दुरुस्तीच्या बिलातले १२ टक्के आपण भरायचे आणि बाकीचं कंपनीने, असं तुम्ही धरून चालला होता. कंपनी मात्र फोनच्या मूळ किमतीचे १२ टक्के मागते आहे. क्लेम करावा का आणि विमा पुढे चालू ठेवावा का, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

माझं मत आधी सांगतो. तुमच्या आकड्यांनुसार क्लेम करा आणि दुरुस्त फोन हातात आला की विमा बंद करा. पॉलिसीतली एक अट मात्र हे उत्तर बदलू शकते. तिच्याकडे पुढे येऊच.

हिशेब सोपा जावा म्हणून फोनची मूळ किंमत १०० धरू. सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा अंदाज २२ दिला आहे. बिलाचे १२ टक्के म्हणजे अडीचच्या थोडं वर, आणि फोनच्या किमतीचे १२ टक्के म्हणजे सरळ १२. टक्का तोच, पण तो कशावर लावायचा यावर तुमचा वाटा जवळजवळ साडेचार पट होतो. पत्रकावर नुसता टक्का मोठ्या अक्षरात असतो. तो विमा रकमेवर (कंपनी जास्तीत जास्त जेवढे देऊ शकते त्या रकमेवर), बिलावर की मंजूर क्लेमवर, हे पॉलिसीच्या अटींत असतं. काही पॉलिसींत ‘बिलाच्या इतके टक्के किंवा अमुक रक्कम, यांपैकी जे जास्त’ असंही लिहिलेलं असतं. लहान दुरुस्तीला तिथे नेहमी दुसरा भागच लागू होतो.

तुमच्या पॉलिसीच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट बघा: स्क्रीनसाठी वेगळं, कमी डिडक्टिबल आहे का? बऱ्याच योजनांत असतं आणि क्लेमचा फॉर्म भरताना ‘स्क्रीन’ऐवजी ‘अपघाती नुकसान’ निवडलं की मोठी रक्कम लागते. कंपनीला लेखी विचारा की १२ हा आकडा कोणत्या कलमातून आला. हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

समजा, १२ च बरोबर आहे. मग क्लेममधून तुम्हाला मिळणारा फायदा २२ वजा १२, म्हणजे १०. आतापर्यंत तुम्ही दरमहा पाऊण याप्रमाणे साडेदहा भरले आहेत. ‘भरले साडेदहा, मिळाले दहा, म्हणजे फसलो’ हा विचार मनात येतोच, पण आजच्या निर्णयात ते साडेदहा धरू नका. क्लेम केला काय, न केला काय, ते परत येणार नाहीत. आज दोनच पर्याय आहेत: १२ भरून स्क्रीन बसवायची की २२ भरून.

आता ती अट. विम्याचं वर्ष संपायच्या आत क्लेम मंजूर झाला, तर त्या वर्षाचा उरलेला प्रीमियम एकरकमी वळता करून घ्यायची तरतूद काही मासिक योजनांत असते. तुमच्या दुसऱ्या वर्षाचे १० महिने बाकी आहेत, म्हणजे साडेसात. ते कापले तर हाती अडीचच राहतात. तरीही क्लेम करण्यात थोडा फायदा आहेच, कारण त्याबरोबर दहा महिन्यांचं संरक्षण मिळतं. मात्र मग विमा मध्येच बंद करण्यात अर्थ नाही, वर्ष पुरं होऊ द्या. अशी तरतूद नसेल तर खालचा हिशेब लागू होतो.

पुढच्या १२ महिन्यांचा प्रीमियम ९. फोन जुना होतो तशी कंपनी घसारा लावते, म्हणजे त्याची किंमत कमी धरते. तुमच्या तक्त्यानुसार दुसऱ्या वर्षी विमा रक्कम ५५ वर येते. डिडक्टिबल मात्र मूळ किमतीवरच ठरलेलं, १२ चं १२. फोन चोरीला गेला किंवा दुरुस्तीपलीकडे गेला, तर ५५ वजा १२, म्हणजे जास्तीत जास्त ४३ मिळतील. ९ ला ४३ ने भागा: असं पूर्ण नुकसान साधारण पाच वर्षांत एकदा होणार असेल, तरच बरोबरी होते. नुसत्या स्क्रीनचा विचार केला तर दर क्लेमला फायदा १०, आणि त्यासाठी वर्षाला ९ भरायचे. म्हणजे जवळजवळ दरवर्षी स्क्रीन फुटायला हवी. मागची काच, कॅमेऱ्याची काच, चार्जिंगचा भाग यांची दुरुस्ती बहुतेक वेळा १२ च्या आतच बसते, तिथे विमा काहीच देणार नाही. फोन वर्षागणिक स्वस्त होतो आणि तुमचा वाटा तेवढाच राहतो, म्हणून हा व्यवहार दुसऱ्या वर्षापासून झपाट्याने तोट्याचा होतो. तिसऱ्या वर्षी तर चालू ठेवूच नका.

विमा चालू ठेवा, असं मी दोन परिस्थितींत म्हणेन. फोनच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि फोन गेला तर नवा घ्यायला हाताशी काहीच शिल्लक नाही. किंवा तुमचं रोजचं काम फोनवर चालतं आणि तो गर्दीत, गाडीवर, उघड्यावर वापरावा लागतो. या दुसऱ्या परिस्थितीत चोरीचं कलम नीट वाचा. खिसा कापला, झटापट करून हिसकावला, कुलूप फोडून नेला, हे सहसा चोरीत धरलं जातं. टेबलावर विसरला, रिक्षात राहिला, कुठे पडला आठवत नाही, हे ‘हरवणं’, आणि ते पुष्कळ पॉलिसींत वगळलेलं असतं. चोरीच्या क्लेमला पोलिसांकडची नोंद, सिम बंद केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत कंपनीला खबर हवी. ही मुदत अनेकदा २४ ते ४८ तासांचीच असते.

पाण्याबद्दलही गैरसमज फार आहे. फोनवर ‘आयपी६८’ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) लिहिलं असलं तरी ती ठरावीक परिस्थितीतली, नव्या फोनची चाचणी असते. एकदा पडून चौकट किंचित वाकली की आतलं सील तसं राहत नाही. पाण्याने झालेलं नुकसान उत्पादकाच्या नेहमीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही आणि विम्यात ते कलम वेगळं असावं लागतं. आत पाणी गेल्याचं सर्व्हिस सेंटर एका छोट्या पट्टीवरून ओळखतं. पाणी लागलं की ती लाल होते. बॅटरीची क्षमता वापराने कमी होणं, ओरखडे, आतला डेटा यांचा या विम्याशी संबंध नाही.

आता तुमचा क्लेम. मंजुरी येण्याआधी बाहेर दुरुस्ती करून घेऊ नका; फोन एकदा उघडला की नुकसान कशाने झालं हे तपासता येत नाही आणि नकाराला कारण मिळतं. *#०६# डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बिलावरच्या आणि पॉलिसीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात. मधल्या काळात वॉरंटीत फोन किंवा मदरबोर्ड बदलून मिळाला असेल, तर क्रमांक बदललेला असतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरची बदलीची पावती जोडा. फोटो काढा: समोरून, मागून आणि आयएमईआय दिसतो असा. ‘काय झालं’ या रकान्यात तारीख, वेळ, जागा आणि घटना जशी झाली तशी लिहा. ‘स्क्रीन अचानक बंद पडली’ असं लिहिलंत तर तो आतला बिघाड समजून अपघाताच्या कलमातून बाहेर जाईल. फोन देण्यापूर्वी बॅकअप घ्या आणि फोनला जोडलेल्या गूगल किंवा ॲपल खात्याचं लॉक काढा. ते राहिलं तर काम तिथेच अडकतं. कंपनीने दुरुस्तीऐवजी बदली फोन देऊ केला, तर तो नवा की नूतनीकरण केलेला आणि त्याला किती वॉरंटी, हे घेण्याआधी लेखी मागा.

फोन परत मिळून दोन-तीन दिवस टच, कॅमेरा, स्पीकर, कॉल घेताना स्क्रीन बंद होणं हे सगळं नीट चालतंय असं दिसलं की मगच विमा रद्द करा. क्लेम उघडा असताना रद्द केलात तर वाद होईल. रद्द करण्याची विनंती पुढचा प्रीमियम कापला जाण्याच्या तारखेआधी पोहोचू द्या आणि तिची लेखी पोच घ्या. बँकेतली आपोआप पैसे कापण्याची परवानगी वेगळी काढावी लागते, नाहीतर पॉलिसी बंद होऊनही पैसे जात राहतील. त्याच दिवशी तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या. आजच्या स्क्रीनवर वाचणारे १० आधी तिथे टाका. वर्षभरात ९ ची भर पडून १९ होतील, म्हणजे पुढची स्क्रीन फुटली तर बिलाचा बहुतेक भाग तिथूनच निघेल.