खेड्यात राहून गणिताचा इतिहासकार होता येईल का?

तुमचं बी.एस्सी. गणित घेऊन झालंय, घर दर्यापूर तालुक्यात, वावर सोडून पुण्या-मुंबईला जाणं शक्य नाही. अशात गणिताच्या इतिहासाचा अभ्यास जमेल का आणि असा अभ्यासक जगतो तरी कसा, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात शाळेत गणित शिकवतो. माझं मत : जमेल. फक्त पोटापाण्याची सोय आधी वेगळी लावा, कारण या नावाच्या जागा फारशा निघतच नाहीत.

भारतीय गणिताचे इतिहासकार राधाचरण गुप्ता यांचंच बघा. जन्म १९३५चा, झाशी जिल्ह्यातला. लखनौ विद्यापीठातून एम.एस्सी. झाले आणि १९५८ मध्ये रांचीजवळच्या मेसरा इथल्या बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लागले. इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवायचं, ही नोकरी. १९९५ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. इतिहासाचं सगळं काम त्या नोकरीच्या जोडीनंच झालं. पीएच.डी. १९७१ मध्ये, रांची विद्यापीठाची. मार्गदर्शक होत्या टी. ए. सरस्वती अम्मा, केरळच्या संस्कृत विदुषी. प्राचीन आणि मध्ययुगीन भारतातल्या भूमितीवरचा त्यांचा ग्रंथ आजही या विषयात वाचावाच लागतो. एकाकडे गणित, दुसरीकडे संस्कृत, आणि गाठ पडली ती रांचीत! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता काम नेमकं काय असतं ते सांगतो. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचा ‘महाभास्करीय’ हा ग्रंथ आहे. त्यात कोष्टक न वापरता ज्या, म्हणजे साइन, काढायची रीत दिली आहे. गुप्तांनी १९६७ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. त्या श्लोकात ‘खाभ्रेषुखाब्धितः’ असं येतं. ख म्हणजे शून्य, अभ्र शून्य, इषु म्हणजे बाण, ते पाच, पुन्हा ख शून्य, अब्धि म्हणजे समुद्र, ते चार. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, की झाले ४०५००. नुसतं संस्कृत येणारा इथे समुद्रात अडकतो आणि नुसतं गणित येणाऱ्याला तर दारच सापडत नाही.

रीत अशी : कोन १८० मधून वजा करा, उरेल त्याला त्याच कोनानं गुणा. आलेल्या संख्येची चौपट वर लिहा. तीच संख्या ४०५०० मधून वजा करून खाली लिहा, आणि भागा. ३० अंशांसाठी ३० गुणिले १५०, म्हणजे ४५००. वर १८०००, खाली ३६०००. उत्तर बरोबर अर्धा. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरी किंमत ०.७०७१. दहावीच्या पोरांना मी हे फळ्यावर करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची पोट्टीसुद्धा वही काढतात.

इतिहासकाराचं काम इथून पुढे सुरू होतं. ही रीत सुचली कशी असेल, चूक जास्तीत जास्त किती येते, नंतरच्या कोणत्या ग्रंथांत ती पुन्हा दिसते? चावडीवर कोणी म्हणतं, सगळं आपल्याच पूर्वजांना ठाऊक होतं. कोणी म्हणतं, काहीच नव्हतं. दोघांनीही श्लोक उघडलेला नसतो. गुप्ता तो उघडत, आकडे तपासत आणि जेवढं निघेल तेवढंच लिहीत. १९७९ मध्ये त्यांनी ‘गणितभारती’ हे नियतकालिक सुरू केलं. २००९ चं केनेथ ओ. मे पारितोषिक, म्हणजे या विषयातला सर्वोच्च मान, त्यांना मिळालं. पद्मश्री मिळाली २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. पुढच्याच वर्षी ते गेले. घाई असणाऱ्याचं हे काम नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

तुम्ही सुरुवात संस्कृतपासून करा. आपल्या विदर्भात रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, तिथे चौकशी करा. बी.एड. किंवा एम.एस्सी. सोडू नका. ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’चे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात, मोबाइलवरही वाचता येतात. आधी दुसऱ्या भास्कराची, म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ घ्या, मग त्यांचंच ‘बीजगणित’, आणि त्यावरची कृष्ण दैवज्ञांची ‘बीजपल्लव’ ही टीका, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडणारा ग्रंथ. कृष्ण दैवज्ञ काशीत नावारूपाला आले, पण त्यांचं घराणं विदर्भातलं, पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचं. कुठे अडलात तर श्लोकासकट इथेच विचारा, मी जमेल तसं सोडवून देईन.