फायरवॉल लावला, एसएसएल घेतलं, आता उरलं काय?

तुम्ही विचारलंय की उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घेतला, फायरवॉल लावला, एसएसएल घेतलं, आता पंधरा-वीस छोट्या ग्राहकांच्या साइट्स ठेवायच्या आहेत, तर सुरक्षिततेचं आणखी काय उरलं?

हे "उरलं काय" वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकलंय. मी आणि माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, दोघं मिळून होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या साइट्स आपल्या सर्व्हरवर ठेवायचा, धंदा करायचो. विकायचं त्यानं, सर्व्हर सांभाळायचा मी. मी काही नवीन करायचं म्हटलं की त्याचं ठरलेलं, "फायरवॉल आहे ना? कुलूप दिसतंय ना? मग उरलं काय?"

उरलंय ते मुख्य काम. फायरवॉलमध्ये वेबसाइटचे दरवाजे, म्हणजे पोर्ट 80 आणि 443, तुम्हाला उघडे ठेवावेच लागतात आणि चोर तिथूनच येतो, ग्राहकाच्या साइटला जोडलेल्या जुन्या प्लगइनमधून, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरमधून. एसएसएल फक्त सर्व्हर आणि ब्राउझरच्या मधल्या रस्त्यातला माल झाकतं. साइट आतून फोडलेली असली तरी ब्राउझरमध्ये कुलूप तसंच दिसतं. त्यामुळे कुणीतरी कधीतरी आत येणार हे धरूनच चाला. आत आल्यावर त्याचा हात कुठवर पोचतो, ते तुमच्या हातात आहे.

आमच्याकडे तो सगळीकडे पोचला.

2017 चे गणपती. अनंत चतुर्दशीला दोन दिवस होते, खाली ढोल चालू होते. रात्री साडेदहाला आमच्या एका ग्राहक बेनचा फोन आला. त्यांचा घरगुती मसाल्यांचा धंदा, वर्षाला जेमतेम तीन हजार रुपये द्यायच्या, पण कधी एक दिवसही उशीर नाही. म्हणाल्या, "भाई, मारी साइट खोलुं तो कंईक जुदुं ज खूले छे." मी लॅपटॉपवर पत्ता टाइप करून पाहिला. साइट व्यवस्थित. मी त्यांना सांगितलं की तुमच्या फोनमध्ये व्हायरस असेल. हे मी ठासून सांगितलं, आणि त्याची बोच आजही आहे.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या मुलाला घेऊन चक्क खोलीवर आल्या. मुलानं माझ्यासमोर फोनवर गूगलमध्ये दुकानाचं नाव शोधलं, पहिल्या दुव्यावर बोट ठेवलं आणि जुगाराची साइट उघडली. मग पत्ता हातानं टाइप केला, तर मसाले दिसले. घुसवलेला कोड पाहुणा गूगलवरून मोबाइलवर आलाय का ते तपासत होता आणि फक्त त्यालाच वळवत होता. मालक नेहमी पत्ता टाइप करतो, म्हणून मालकाला कधीच दिसत नाही. तुमच्या ग्राहकानं "काहीतरी वेगळंच उघडतंय" म्हटलं तर त्याच्याच फोनवर, त्याच्याच पद्धतीनं उघडून बघा.

मी साइटची इंडेक्स, म्हणजे सुरुवातीची फाइल उघडली. इंडेक्सची पहिली ओळ साधी, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरची असते तशीच. पण एडिटरच्या तळाशी आडवा स्क्रोल दिसत होता. उजवीकडे सरकवत गेलो, दोन-अडीचशे रिकाम्या जागा, आणि त्यानंतर बेस64 चा, म्हणजे अक्षरांत गुंडाळलेल्या कोडचा, लांबलचक लगदा. फाइलची तारीख 2015 ची दिसत होती, म्हणून आधी माझा डोळा तिथे थांबलाच नव्हता. स्टॅट, म्हणजे फाइलच्या तारखा दाखवणारी कमांड, मारली तेव्हा "चेंज" पुढे तीन दिवसांपूर्वीची पहाट, 3 वाजून 12 मिनिटं. मॉडिफायची तारीख कुणीही मागची टाकू शकतो. चेंजची तितक्या सहजासहजी बदलता येत नाही. मग त्याच वेळेच्या आसपास बदललेल्या फाइल्स सगळ्या सर्व्हरवर शोधल्या. आमच्या 38 च्या 38 साइट्स त्या यादीत होत्या.

ओळ काढली. पाच मिनिटांत ती परत आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. रात्री दोनला कळलं की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेब सर्व्हरच्या युझरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एक नोंद बसवली होती, ती दर पाच मिनिटांनी बाहेरून स्क्रिप्ट ओढायची. वेब सर्व्हरच्या युझरला क्रॉनटॅब असू शकतो हे मला माहीत होतं, पण तिथे बघायचं सुचलं नव्हतं.

घुसला कुठून? एका ट्यूशन क्लासच्या साइटवर जुना स्लायडर प्लगइन होता, त्यातून. क्लासची साइट फुटली, ते समजू शकतो. पण मसाल्याची का फुटली? कारण आमच्याकडे सगळ्या साइट्सचं पीएचपी, म्हणजे साइट चालवणारा कोड, एकाच युझरखाली चालायचं. अपलोड अडलं की फोल्डरला 777, म्हणजे कुणालाही वाचायचा-लिहायचा हक्क, द्यायचा ही आमची पद्धत होती. आणि सगळ्या वर्डप्रेस डेटाबेसला सगळे हक्क असलेल्या रूट युझरनंच जोडलेल्या होत्या, कारण दादाला प्रत्येक ग्राहकाचा पासवर्ड वेगळा लक्षात ठेवायचा नव्हता. 38 भाडेकरू आणि मधे एकही भिंत नाही. एकाच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि सगळी चाळ जळली.

दादा म्हणाला, चूक क्लासवाल्याची, त्यानं प्लगइन अपडेट केला नाही. त्याला सांग, बाकीच्यांना सांगू नकोस, धंदा बसेल. मी म्हटलं, दादा, बाकीच्या 37 जणांचा काय दोष? त्यांच्या डेटाबेसमध्ये लोकांचे पत्ते, फोन नंबर होते. आज सगळ्यांना फोन करू या. तो नाही म्हणाला, आणि तो मोठा होता, म्हणून मी गप्प बसलो. आठवड्याभरात गूगलनं चार साइट्सवर धोक्याच्या इशाऱ्याचा लाल पडदा टाकला आणि ग्राहकांना तिथून कळलं. अकरा जण सोडून गेले. त्यातल्या एका शाळेच्या सरांनी जे म्हटलं ते मला पाठ आहे: "साइट फुटली याचं काही नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत." पुढच्या वर्षी आम्ही वेगळे झालो.

तेव्हा पहिली भिंत ही. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लिनक्स युझर आणि त्याच युझरच्या नावानं चालणारा स्वतंत्र पीएचपी-एफपीएम पूल, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणून चालू दे, त्याला ग्रुपच्या वाटेनं चित्रं-सीएसएस वाचण्यापुरता हक्क द्या. घराच्या फोल्डरला 750, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून कुणालाच प्रवेश नाही. डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या डब्ल्यूपी-कॉन्फिगला 600, म्हणजे एनजिनएक्सलाही ती फाइल वाचता येत नाही. डेटाबेसचा युझर प्रत्येकाचा वेगळा आणि त्याला फक्त त्याच्याच डेटाबेसवर हक्क. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणारच नाही असा नियम एनजिनएक्समध्ये लिहा. त्या क्लासच्या साइटवर पहिली फाइल तिथेच पडली होती. 777 कुठेही नको. ज्याला 777 शिवाय मार्ग सापडत नाही त्यानं फाइलचा मालक कोण आहे ते पाहिलेलं नसतं. ओपन बेसडिर, म्हणजे पीएचपीला ठरलेल्या फोल्डरांतच ठेवणारी सेटिंग, लावून काम भागतं असं कुणी सांगेल, ती भिंत नाही, पडदा आहे.

एसएसएचचं, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या वाटेचं, बहुतेक तुम्ही केलं असेल: किल्लीची फाइल वापरून पासवर्डनं लॉगिन बंद. पण खरंच बंद झालाय का ते पाहा. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये, म्हणजे व्हीपीएसवर आधीच बसवून मिळणाऱ्या प्रतीत, एसएसएचडी-कॉन्फिग-डी नावाच्या फोल्डरात 50-क्लाउड-इनिट नावाची फाइल असते, आणि तिच्यात पासवर्ड चालू ठेवलेला असू शकतो. मुख्य फाइल त्या फोल्डरला अगदी वरच्या ओळीत ओढून घेते, आणि एसएसएचमध्ये पहिली भेटलेली किंमत चालते. म्हणजे तुम्ही खाली कितीही "नो" लिहा, वरचं "येस" जिंकतं. एसएसएचडीला मोठ्या टी चा पर्याय देऊन चालवा, प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग्ज ते छापून दाखवतं. तिथे पासवर्ड ऑथेंटिकेशन समोर "नो" दिसलं तरच विश्वास ठेवा. पोर्ट 22 बदलल्यानं लॉगमधला गोंगाट कमी होतो, बाकी सुरक्षा वाढत नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) वापरणार असाल तर त्यानं बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलला न जुमानता उघडतात. मायएसक्यूएल हा डेटाबेस 127.0.0.1 वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, बांधून ठेवा.

एसएसएल सर्टिफिकेटची मुदत हा वेगळा विषय आहे, पण तुम्ही "घेतलं" असं लिहिलंय म्हणून सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याची मेल पाठवणं त्यांनी जून 2025 मध्ये बंद केलं. पुढे सगळ्याच सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं उतरत 15 मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार आहे. हातानं करायचे दिवस संपलेत. सर्टबॉट हा प्रोग्राम नवं सर्टिफिकेट आणतो, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो. आपोआप रीलोड करणारा हुक लावलाय का बघा, आणि मुदत बाहेरून तपासणारी एखादी छोटी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर ठेवा.

बॅकअप. आमचा बॅकअप त्याच सर्व्हरवर एका फोल्डरात होता, 777 सह. त्यातही तीच ओळ. महिन्याभराच्या जुन्या प्रती पेनड्राइव्हवर निघाल्या म्हणून वाचलो. आता माझा बॅकअप सर्व्हर स्वतः येऊन फाइल्स ओढून नेतो. मुख्य सर्व्हरकडे तिकडे जायची किल्लीच नाही, म्हणजे इथे घुसलेला तिकडचं पुसू शकत नाही. शिवाय एक प्रत घरी, पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर का, ते बडोदेकराला सांगावं लागणार नाही. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला आणि विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझ्या एका मित्राच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेल्या तीन हार्ड डिस्क चिखलातून काढाव्या लागल्या. एकही चालली नाही. आणि महिन्यातून एकदा बॅकअपवरून एखादी साइट नव्या मशीनवर उभी करून पाहा. उभी राहिली तरच तो बॅकअप.

आता दादाचा मुद्दा. तो म्हणायचा, सांगायला हवं असं लिहिलंय कुठे? लिहिलंय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश वाचा. घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवायचं, लॉग 180 दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. व्हीपीएस आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाची पडताळलेली माहिती त्यानं सेवा सोडल्यानंतरही पाच वर्षं ठेवायची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ज्यांची माहिती गेली त्या व्यक्तींनाही कळवायची तरतूद आहे. पण मी ग्राहकांना सांगतो ते कायद्यामुळे नाही. त्या शाळेच्या सरांमुळे सांगतो. माझ्याकडे आज 60 च्या आसपास साइट्स आहेत आणि प्रत्येक ग्राहकाशी केलेल्या कागदावर पहिलीच ओळ आहे की तुमच्या साइटवर काही झालं तर त्याच दिवशी मी फोन करीन. आतापर्यंत तसे तीन फोन केलेत. तिघंही अजून माझ्याकडेच आहेत. दादा, तू हे वाचत असशील तर हे तुझ्यासाठीच लिहिलंय. धंदा बसला नाही.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. कंट्रोल पॅनेल, म्हणजे साइट्स ब्राउझरमधून सांभाळायचं सॉफ्टवेअर, घेणार असाल तर त्यातली बरीच पॅनेलं प्रत्येक ग्राहकाला वेगळा युझर स्वतःच देतात आणि क्लाउडलिनक्स या होस्टिंगसाठीच्या लिनक्सचं केजएफएस त्याहून कडक भिंत घालतं, मग वरचं अर्धं काम वाचतं. पण पॅनेल हेच एक नवं दार असतं, त्याचा लॉगिन सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. ग्राहकांची मेल याच सर्व्हरवर घेऊ नका. एका साइटवरून स्पॅम गेला की सगळ्यांचा आयपी काळ्या यादीत जातो आणि तो सोडवण्यात दिवस जातात. सुरक्षिततेचे अपडेट आपोआप होऊ द्या, रीबूट मात्र रात्रीच्या ठरलेल्या वेळी. आणि एकदा घुसखोरी झाली की सर्व्हर साफ करत बसू नका. नवा उभारा, पासवर्ड सगळे बदला, डेटा तपासून हलवा. आम्ही चार दिवस साफ करत बसलो आणि शेवटी तेच करावं लागलं. दहापेक्षा कमी ग्राहक असतील आणि रात्री दोनला उठायची तयारी नसेल, तर दुसऱ्याचं चांगलं मॅनेज्ड होस्टिंग घेऊन त्यावर ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

आम्ही वेगळे झालो तेव्हा मसाल्यांच्या बेन दादाकडे न जाता माझ्याकडे आल्या. त्या आल्या त्याच दिवशी मी त्यांची माफी मागितली.

तुमच्या सर्व्हरवर आत्ता पीएचपी कोणत्या युझरखाली चालतंय ते बघून इथे लिहा. सगळ्या साइट्सना एकच नाव दिसलं तर पहिला ग्राहक घ्यायच्या आधी ते बदलू या. तेवढं मी तुमच्याबरोबर बसून करून देईन.